अजिंठ्याची नौका व ‘कौंडिण्य’ : एका नकलेची चिकित्सा

जुन्या कागदपत्रांचा व्यासंग करणाऱ्यास अस्सल व नक्कल यांतील भेद नव्यानें सांगावयास नको. एखादी नक्कल हातीं आली म्हणजे ती कोणत्या अस्सलावरून उतरली, अस्सलास कसर कोठें लागली होती, आणि तेथील जागा नकलकारानें कोरी सोडली कीं स्वबुद्धीनें भरून काढली, हे प्रश्न आपण प्रथम विचारतों. त्यांचीं उत्तरें मिळाल्यावांचून त्या नकलेचा पुरावा म्हणून उपयोग करण्यास कोणी धजत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय अशीच एक नक्कल आहे. मात्र ती कागदावर उतरलेली नसून लांकडांत व काथ्यांत उतरलेली आहे, आणि अरबी समुद्र ओलांडून गेलेली आहे.

छत्रपती संभाजीनगरापासून सुमारें १०० किलोमीटरवर, वाघोरा नदीच्या वळणांत कोरलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांपैकीं दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत एका जहाजाचें चित्र आहे. त्या चित्राच्या आधारानें एक शिवणीची नौका गोव्यांत बांधण्यांत आली. भारतीय नौदलानें २१ मे २०२५ रोजीं कारवार येथील तळावर तिला ‘कौंडिण्य’ हें नांव देऊन आपल्या सेवेंत दाखल करून घेतलें. २९ डिसेंबर २०२५ रोजीं ती पोरबंदराहून निघाली व १४ जानेवारी २०२६ रोजीं ओमानांतील मस्कत बंदरीं पोंचली. डोळ्यांस दिसणारें रूप पंधराशें वर्षांपूर्वींचें, आणि पाण्याखालचा देह आजच्या जलगतिशास्त्रानें तपासून घेतलेला, असा हा संयोग आहे. त्यांत जुनें किती, नवें किती, व ह्या नौकेवरून जुन्याविषयीं काय सिद्ध होतें, एवढाच प्रश्न येथें विचारास घ्यावयाचा आहे.

१. अस्सल

दुसऱ्या लेण्यांतील हें चित्र पूर्णाच्या कथेचा भाग होय, असें अभ्यासक मानतात. पूर्ण हा शूर्पारक, म्हणजे आजचें सोपारें, येथील व्यापारी. तो पुढें भिक्षु झाला. त्याचा भाऊ चंदनाच्या शोधार्थ समुद्रपार गेला असतां यक्षानें तुफान उठविलें. संकटांत सांपडलेल्या भावानें पूर्णाचें स्मरण केलें, आणि पूर्णानें प्रकट होऊन जहाज वांचविलें, अशी ही कथा ‘दिव्यावदान’ ग्रंथांत आहे. त्याच सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उकरून काढला, हें वाचकांस विदित आहेच.

घाटाच्या पोटांत बसून चित्र काढणाऱ्यास जहाज कोठून ठाऊक असावें, अशी शंका येणें साहजिक आहे. परंतु हा प्रदेश समुद्राशीं अगदींच अपरिचित नव्हता. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथांत पैठण व तगर, म्हणजे तेर, येथील माल भडोच बंदरास जात असल्याचें वर्णन असून पैठण हें भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचें सांगितलें आहे. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवरील दोन डोलकाठ्यांचें जहाज तर नाण्यांच्या संग्राहकांच्या नित्य परिचयाचें आहे. मात्र तीं नाणीं पूर्व किनाऱ्याकडचीं होत. तात्पर्य, चित्रकारानें जहाज स्वतः पाहिलें असावें किंवा पाहिलेल्या माणसाकडून ऐकलें असावें, इतकें मानण्यास हरकत नाहीं. तो जहाज बांधणारा सुतार होता असें मात्र मानतां येत नाहीं.

दुसरें लेणें वाकाटकनृपति हरिषेण याच्या काळाचें, म्हणजे इ. स. च्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतलें, असें आज बहुतेक अभ्यासक म्हणतात. पूर्वीचे कांहीं लेखक तें याहून उत्तरकालीन समजत. चित्रांतील जहाजाची नाळ व पिछाडी दोन्ही उंच आहेत. तीन उभ्या डोलकाठ्यांवर तीन उभट शिडें आहेत. पुढच्या टोंकास आणखी एक चौकोनी शीड वाऱ्यानें फुगलेलें आहे. नाळेवर डोळा रंगविलेला आहे, मागील बाजूस सुकाणूचीं वल्हीं टांगलेलीं आहेत, आणि छपराखालीं रांजण ओळीनें मांडले आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या ग्रंथांत ह्या जहाजाचें वर्णन केलें, व राधाकुमुद मुकर्जी यांनीं १९१२ सालच्या आपल्या भारतीय नौकानयनाच्या इतिहासांत त्याचा आधार घेतला. तेव्हांपासून प्राचीन नौकांविषयीं लिहिणाऱ्यांस हें चित्र टाळतां आलेलें नाहीं.

परंतु हें अस्सलही अनेक आपत्तींतून पार पडलेलें आहे, हें विसरतां कामा नये. लेणीं १८१९ सालीं इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडलीं. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनीं भित्तिचित्रांच्या मोठ्या नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जळाल्या. ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनीं १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हां नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ च्या आगींत लंडनमध्यें नष्ट झाल्या. उरलेल्या सामग्रीवरून त्यांचा ग्रंथ १८९६-९७ सालीं निघाला. १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें बोलाविलेल्या दोन इटालियन तज्ज्ञांनीं चित्रांवर लाखेचें रोगण दिलें. तें पुढें पिंवळें पडलें व मूळ रंग झांकोळले. गुलाम याजदानी यांचे चार भाग १९३० ते १९५५ पर्यंत प्रसिद्ध झाले. म्हणजे आज आपण ज्यास अस्सल म्हणतों त्याचें वाचनदेखील निरनिराळ्या पिढ्यांच्या नकला व छायाचित्रें पुढें मांडूनच करावें लागतें.

२. गळालेला मजकूर

आतां ह्या अस्सलांत काय नाहीं तें पाहूं. चित्रास मापपट्टी नाहीं. कथाचित्रांत माणसें मोठीं व जहाज लहान काढण्याची रीतच असल्यामुळें माणसाच्या उंचीवरून जहाजाची लांबी काढतां येत नाहीं. चित्र एका बाजूनें घेतलेलें असल्यामुळें नौकेची रुंदी त्यांत नाहीं. पाण्याखालीं तिचें पोट किती गोल, किती भरलेलें व किती खोल होतें, हें तर त्यांत मुळींच नाहीं. फळ्या एकमेकींस कशा जोडल्या होत्या याचाही निर्णय चित्रावरून होत नाहीं. शिवणीची पद्धति ही अन्य पुराव्यावरून घेतलेली आहे. अरबी समुद्रांतील शिवलेल्या नौकांचा उल्लेख ‘पेरिप्लस’मध्यें आहे, तेराव्या शतकांत मार्को पोलो यानें होर्मुझ येथें त्या पाहिल्या व त्यांविषयीं प्रतिकूल मत दिलें, आणि केरळांत ही कला आजच्या पिढीपर्यंत टिकून राहिली. भोजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांत समुद्रगामी नौकेस लोखंड वापरूं नये, कारण समुद्रांतील लोहचुंबक तें ओढून घेईल, असें कारण दिलें आहे. खरें कारण साधें असावें. शिवलेली नौका लाटेबरोबर किंचित् लवते, खिळ्यांप्रमाणें तिचे टांके गंजत नाहींत, आणि दुरुस्तीस लागणारा काथ्या किनाऱ्यावर कोठेंही मिळतो.

‘कौंडिण्य’ बांधणाऱ्यांपुढें हीच अडचण होती. अर्थशास्त्रज्ञ संजीव सान्याल यांच्या कल्पनेंतून हें काम निघालें. जुलै २०२३ मध्यें केंद्रीय संस्कृति मंत्रालय, भारतीय नौदल व गोव्यांतील ‘होडी इनोव्हेशन्स’ ही संस्था यांच्यांत त्रिपक्षीय करार झाला. १२ सप्टेंबर २०२३ रोजीं पठाण, म्हणजे नौकेचा तळचा कणा, घालण्याचा विधि झाला. केरळांतील कसबी कारागीर बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखालीं कारागिरांनीं फळ्या काथ्याच्या दोरीनें हातांनीं शिवल्या. सांध्यांसाठीं नारळाचे तंतु व राळ वापरली. नौका फेब्रुवारी २०२५ मध्यें पाण्यांत उतरली. तिची लांबी १९.६ मीटर, रुंदी ६.५ मीटर, आणि पाण्याखालची खोली ३.३३ मीटर आहे. ह्या तीन आंकड्यांपैकीं एकही चित्रांत लिहिलेला नाहीं. चित्राच्या आकृतीशीं विसंगत होणार नाहींत असे ते योजावे लागले. पोथीच्या भाषेंत बोलावयाचें तर येथें अक्षरें वाचलेलीं नसून पुरविलेलीं आहेत.

३. अक्षरें कशीं पुरविलीं

हें पुरविणें मनमानीचें नव्हतें, हें प्रथम सांगितलें पाहिजे. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील महासागर-अभियांत्रिकी विभागाच्या साहाय्यानें नौदलानें नौकेच्या प्रतिकृतीच्या चांचण्या घेतल्या, व आधुनिक द्रव्यांवांचून केलेल्या लांकडी डोलकाठ्यांच्या बळाची तपासणी स्वतः केली. अशा चांचणीचें तत्त्व आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस नवें असेल, म्हणून तें थोडक्यांत देतों.

विल्यम फ्रूड ह्या इंग्रज अभियंत्यानें १८७२ सालीं टॉर्की येथें एक लांब हौद बांधून त्यांत जहाजांच्या लहान प्रतिकृति ओढून पाहण्याचा उपक्रम केला. प्रतिकृति किती वेगानें ओढावी याचा नियम त्यानें घालून दिला. आकार ज्या प्रमाणांत लहान, त्याच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत वेग लहान ठेवावा. प्रतिकृति मूळ नौकेच्या सोळाव्या हिश्शाची असेल तर ती चौथ्या हिश्शाच्या वेगानें ओढावयाची. तसें केलें म्हणजे प्रतिकृतीभोंवतीं उठणाऱ्या लाटा मोठ्या नौकेभोंवतींच्या लाटांशीं सरूप होतात, आणि पाण्याचा रोध किती होईल याचा अंदाज आधींच बांधतां येतो.

रोधाइतकाच महत्त्वाचा प्रश्न तोल राखण्याचा. उंच डोलकाठ्या, मोठीं शिडें व उंच पिछाडी यांमुळें वजनाचा मध्य वर जातो. नौका एका बाजूस कलली म्हणजे त्या बाजूचा अधिक भाग पाण्यांत बुडतो, पाण्याचा आधार त्या बाजूस सरकतो व तिला पुन्हां उभी करूं पाहतो. परंतु वजनाचा मध्य फार उंच असेल तर हा आधार अपुरा पडून नौका उलटते. रुंदी वाढविली तर तोल सुधारतो, पण रोधही वाढतो. तळाशीं भार घातला तर तोल सुधारतो, पण नौका अधिक बुडते. चित्रांतील उंच आकृति कायम ठेवून ह्या परस्परविरोधी गोष्टींचा मेळ कोठें बसतो, हें चित्रकारास विचारण्याची सोय राहिलेली नाहीं. तें हौदांतील पाण्यास विचारावें लागलें.

म्हणून ह्या नौकेचे दोन हिस्से करून पाहणें उचित होईल. बाहेरची रेषा, चौकोनी शिडें व सुकाणूचीं वल्हीं हा चित्राचा हिस्सा. पोटाचा घाट, मापें व तोल हा आजच्या शास्त्राचा हिस्सा. शिवण ही ह्या दोहोंपैकीं कोणाचीच नसून जिवंत कारागिरीची देणगी आहे.

४. इतर नकलांशीं तुलना

अशा नौकांचा दर्जा त्यांच्या मागें असलेल्या अस्सलावर अवलंबून असतो. १९६४ सालीं मुंबईंत पाण्यांत उतरलेली ‘सुहेली’ ही शिडाची नौका घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनीं १९६८-६९ सालीं एकट्यानें व कोठेंही न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्या धर्तीवर गोव्यांत ‘थुरिया’ ही नौका बांधण्यांत आली व ती घेऊन कमांडर अभिलाष टॉमी २०१८ च्या शर्यतींत उतरले. येथें अस्सल हयात होतें; शंका आली तर मोजून पाहतां येत होतें.

दुसरा प्रकार अवशेषांचा. इंडोनेशियांतील बेलितुंग बेटाजवळ १९९८ सालीं नवव्या शतकांतील एका बुडालेल्या शिवणीच्या जहाजाचे अवशेष व त्यांतील चिनी भांड्यांचा प्रचंड सांठा सांपडला. त्या अवशेषांवरून ओमानांत ‘ज्यूएल ऑफ मस्कत’ ही नौका बांधली गेली व ती २०१० सालीं मस्कतहून सिंगापूरला गेली. येथें अस्सल भंगलेलें होतें, तरी लांकूड व टांके हातानें चांचपतां येत होते.

तिसरा प्रकार केवळ चित्राचा किंवा शिल्पाचा. जावांतील बोरोबुदुर येथील शिल्पपटांवरील जहाजावरून ‘समुद्ररक्षा’ ही नौका बांधण्यांत आली व ती २००३-०४ सालीं जकार्ताहून आफ्रिकेंतील घानाच्या अक्रा बंदरापर्यंत गेली. ‘कौंडिण्य’ ह्याच वर्गांत मोडते. ह्या वर्गांतील नकलांत पुरविलेला मजकूर सर्वांत अधिक असतो, आणि म्हणून तो वेगळा दाखविण्याची जबाबदारीही सर्वांत अधिक असते.

५. प्रक्षेप

पुरविलेल्या मजकुराहून भिन्न असा आणखी एक प्रकार ह्या नौकेंत आहे. तिच्या शिडांवर गंडभेरुंड व सूर्य यांचीं चिन्हें आहेत, नाळेवर सिंहयाळी कोरलेली आहे, व वर हडप्पा धर्तीचा दगडी नांगर ठेवलेला आहे. गंडभेरुंड हें चिन्ह दक्षिणेंतील मध्ययुगीन राजघराण्यांशीं निगडित आहे. हडप्पा संस्कृति ह्या चित्राच्या दोन हजारांहून अधिक वर्षें आधींची. ज्या कौंडिण्याचें नांव नौकेस दिलें, तो समुद्रपार जाऊन मेकाँग नदीच्या मुखप्रदेशांत राज्य स्थापणारा परंपरेंतील पुरुष. त्याचा अजिंठ्याच्या चित्राशीं कांहीं संबंध नाहीं. म्हणजे एकाच नौकेवर तीन हजार वर्षांचीं चिन्हें शेजारीं शेजारीं नांदत आहेत. हीं प्रतीकें होत, असें शासकीय वर्णनावरूनही स्पष्ट आहे, व उत्सवाच्या नौकेस तीं शोभतात. परंतु पन्नास वर्षांनीं एखादा अभ्यासक ह्या नौकेचें छायाचित्र पाहून ‘पांचव्या शतकांतील जहाजांवर गंडभेरुंडाचें निशाण असे’ असें लिहूं लागला, तर दोष कोणाचा? पोथींत समासांतली टीप पुढच्या नकलेंत संहितेंत शिरते, हा अनुभव आपणांपैकीं प्रत्येकास आहे.

६. प्रवासानें काय सिद्ध झालें

पोरबंदराहून मस्कत हें पश्चिमेस, किंचित् उत्तरेकडे झुकून आहे. हिंवाळ्यांत अरबी समुद्रावर वाहणारे वारे सामान्यतः ईशान्येकडचे. म्हणजे ह्या मार्गावर वारा उजव्या बाजूच्या मागल्या अंगानें येतो, आणि चौकोनी शिडास तोच मानवतो. समोरच्या वाऱ्यास तोंड देऊन चालणें त्यास कठीण. प्राचीन दर्यावर्दी ऋतु पाहून निघत, त्याचें मर्म ह्यांतच आहे. काथ्यानें शिवलेली, चौकोनी शिडांची व वल्ह्यांच्या सुकाणूची नौका हा समुद्र ओलांडूं शकते, हें आतां तर्काचें राहिलेलें नाहीं. शीड बांधावयास माणसें किती लागतात, वल्ह्याचें सुकाणूं मोठ्या लाटेंत कसें ऐकतें, टांके खाऱ्या पाण्यांत किती ओढ सोसतात, ह्या प्रश्नांचीं उत्तरें कोणत्याही लेण्यांत मिळालीं नसतीं. तीं ह्या नौकेवरील माणसें देऊं शकतील. ह्या दृष्टीनें तिची योग्यता मोठी आहे.

परंतु त्यावरून पांचव्या शतकांतील नौका अशीच होती, असें म्हणतां येत नाहीं. संभव सिद्ध झाला. वस्तुस्थिति सिद्ध झाली नाहीं. नौका तरली, ह्याचें श्रेय कांहीं अंशीं हौदांतील चांचणीकडे जातें. तें सर्वच्या सर्व प्राचीन सुताराच्या पदरीं घालणें म्हणजे आपल्याच हातानें लिहिलेलीं अक्षरें अस्सलांतलीं म्हणून दाखविणें होय. उलट, ह्या नौकेंत आधुनिक शास्त्र आलें म्हणून ती खोटी, असेंही म्हणूं नये. त्रुटित पोथीचें संपादन करणारा विद्वान् पाठ सुचवितो म्हणून त्याची आवृत्ति खोटी ठरत नाहीं. सुचविलेला पाठ कंसांत घातला नाहीं तर मात्र ती घातक ठरते.

ह्यास्तव आमची सूचना अशी आहे. नौकेच्या बांधणीचे नकाशे, प्रतिकृतीच्या चांचण्यांचे आंकडे, आणि प्रत्येक निर्णय चित्रावरून घेतला, ग्रंथावरून घेतला, कारागिराच्या सांगण्यावरून घेतला कीं गणितावरून घेतला, ह्याची नोंद एखाद्या सार्वजनिक दफ्तरखान्यांत कायमची ठेवावी. त्या नोंदीशेजारीं लेण्यांतील चित्राचें आजचें छायाचित्र व ग्रिफिथ्सची नक्कल जोडावी. शिवण घालणाऱ्या कारागिरांचें सांगणें त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावें. कारण ही विद्या पोथींत नसून हातांत आहे, आणि असे हात फार थोडे उरले आहेत.

दुसरी विनंति आमच्या वाचकांस आहे. कोंकणांतील बंदरांच्या, गलबतांच्या व सुतारांच्या हिशेबांचे मोडी कागद पुष्कळ घराण्यांत व संग्रहांत पडून आहेत. ते अजिंठ्याहून बाराशें वर्षें उत्तरकालीन आहेत, हें खरें. तरी पठाण, नाळ, डोलकाठी यांचीं मापें व त्यांचीं एकमेकांशीं प्रमाणें त्यांत आढळलीं, तर ह्या किनाऱ्यावरील सुतार हिशेब कसा मांडीत हें प्रथमच त्यांच्या शब्दांत कळेल. ज्यांच्यापाशीं असे कागद असतील त्यांनीं ते तपासून पाहावे, आणि मापें असलेल्या कागदांच्या नकला, अस्सलाची स्थिति व गळालेल्या जागा नमूद करून, प्रसिद्धीसाठीं पाठवाव्या.